महाविद्यालयात भौतिकशास्त्राचा सहायक प्राध्यापक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित पदवी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं, काही वर्षं विभाग सांभाळला आणि निवड समित्यांवर विषयतज्ज्ञ म्हणूनही बसलो. त्यामुळे दर जून-जुलैत फोन सुरू होतात. निम्मे उमेदवारांचे, निम्मे प्राचार्यांचे आणि संस्थाचालकांचे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं प्रामुख्याने महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयांना लागू आहेत. शासकीय महाविद्यालयांतल्या जागा लोकसेवा आयोगामार्फत भरतात, तो रस्ता वेगळा.

१. सहायक प्राध्यापक व्हायला किमान पात्रता काय लागते?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण आणि त्यासोबत नेट (राष्ट्रीय पातळीवरची पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्य पातळीवरची). अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रीमिलेअर इतर मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. ही टक्केवारी कृपांक म्हणजे ग्रेस न धरता मोजतात. गुणपत्रिकेवर ५५ दिसतं पण त्यातले दोन गुण ग्रेसचे आहेत, असा अर्ज छाननीत अडकतो. बीएस्सीला भौतिकशास्त्र मुख्य विषय असावा, ही अपेक्षा जवळपास सगळीकडे असते.

२. पीएचडी नसेल तर अर्ज करू नये का?

जरूर करा. महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी पीएचडी सक्तीची नाही. गोंधळ झाला तो विद्यापीठांच्या विभागांमुळे. तिथे १ जुलै २०२१ पासून पीएचडी अनिवार्य होणार होती, ती तारीख १ जुलै २०२३ पर्यंत पुढे गेली आणि ऐन वेळी आयोगाने दुरुस्ती करून नेट-सेट हीच किमान अट ठेवली. या साऱ्या काळात महाविद्यालयांसाठी पीएचडी कधीच बंधनकारक झाली नव्हती. पीएचडीमुळे छाननीत गुण मात्र भरपूर वाढतात (प्रश्न ७ पाहा).

३. माझ्याकडे पीएचडी आहे, नेट-सेट नाही. चालेल?

पीएचडी आयोगाच्या २००९ किंवा २०१६ च्या पीएचडीविषयक नियमांनुसार मिळालेली असेल तर नेट-सेटमधून सूट आहे. ११ जुलै २००९ पूर्वी नोंदणी केलेल्यांनाही सूट मिळते, पण पाच अटींवर: पीएचडी नियमित पद्धतीची असावी, प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांनी तपासलेला असावा, मौखिक परीक्षा खुली झालेली असावी, दोन शोधनिबंध प्रसिद्ध झालेले असावेत आणि दोन परिषदांत सादरीकरण केलेलं असावं. या अटी पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र विद्यापीठाकडून घ्यावं लागतं. ते मुलाखतीच्या आदल्या दिवशी मिळत नाही. अर्ज करायच्या आधी महिनाभर त्याच्या मागे लागा.

४. नेट आणि सेट यांत भौतिकशास्त्रवाल्याने काय निवडावं?

जमलं तर दोन्ही द्या. भौतिकशास्त्राची नेट सीएसआयआरची, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची असते. विषयाचं नाव ‘भौतिक विज्ञाने’, तीन तास, २०० गुण आणि चुकीच्या उत्तराला गुणकपात. क भागातले पाच-पाच गुणांचे प्रश्न खरी परीक्षा घेतात. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. त्यात पहिला पेपर अध्यापन आणि संशोधन क्षमतेचा असतो, दुसरा विषयाचा. आता होणारी सेट या दोन राज्यांतच चालते, नेट देशभर. छाननीत सेटला ५, नेटला ८ आणि जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसह) नेटला १० गुण आहेत.

एक सावधगिरी. २०२४ पासून नेटच्या निकालात तीन वर्ग असतात, आणि तिसरा वर्ग फक्त पीएचडी प्रवेशासाठी आहे. त्या प्रमाणपत्रावर सहायक प्राध्यापकाची पात्रता मिळत नाही. ‘नेट झाली’ एवढंच ऐकून अर्ज पाठवणारे उमेदवार मी पाहिले आहेत, आणि छाननीच्या टेबलावर त्यांचा अर्ज बाजूला ठेवताना वाईट वाटतं.

५. आमच्या कॉलेजात जागा तीन वर्षं रिकामी आहे. मग भरत का नाहीत?

जागा रिकामी असणं आणि ती भरायची परवानगी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आधी विषयाचा कार्यभार, म्हणजे आठवड्याचे तास किती भरतात, ते तपासलं जातं. त्यानंतर उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाची ना हरकत, बिंदुनामावलीची (कोणतं पद कोणत्या गटासाठी राखीव, त्या यादीची) तपासणी, जाहिरातीच्या मसुद्याला विद्यापीठाची मंजुरी, वृत्तपत्रांत जाहिरात, छाननी, मुलाखत, निवडलेल्या उमेदवाराला विद्यापीठाची मान्यता आणि शेवटी वेतननिश्चिती. यातली एक पायरी अडली की सगळं अडतं.

त्यात राज्याची धोरणंही येतात. २०१८ मध्ये शासनाने अनुदानित महाविद्यालयांतली ३,५८० पदं भरायला परवानगी दिली होती. मे २०२० मध्ये करोनाच्या काटकसरीत नोकरभरती थांबली, आणि त्यातल्या उरलेल्या २,०८८ पदांचा मार्ग नंतर मोकळा झाला. या मधल्या काळात माझ्या ओळखीच्या किती पात्र मुलांनी क्लासेस काढले किंवा विमा कंपनीत नोकरी धरली, ते आठवलं की अजून राग येतो. चांगला शिक्षक तीन वर्षं वाट पाहत बसू शकत नाही, कारण त्यालाही घर चालवायचं असतं.

प्राचार्यांना माझं सांगणं: निवृत्तीची तारीख तुम्हाला वर्षानुवर्षं आधी माहीत असते. कार्यभाराचे कागद आणि बिंदुनामावली त्या तारखेच्या आधीच तपासून ठेवा.

६. पद राखीव आहे आणि मी खुल्या गटातला आहे. अर्ज करता येईल का? उलट असेल तर?

राखीव पदासाठी खुल्या गटातला उमेदवार पात्र ठरत नाही. खुल्या पदासाठी मात्र कोणीही गुणवत्तेवर अर्ज करू शकतं, मागासवर्गीय उमेदवारसुद्धा. राखीव पदाच्या अर्जासोबत जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि ज्या गटांना लागू आहे त्यांनी मुदतीतलं नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र जोडावं. नॉन-क्रीमिलेअरची मुदत संपलेली असणं ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली त्रुटी आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या महाविद्यालयांना हे आरक्षण लागू नसतं.

७. छाननीचे गुण नेमके कसे मोजतात?

महाविद्यालयांसाठी १०० गुणांचा तक्ता आहे. पदवीला ८० टक्क्यांच्या वर २१, ६० ते ८० ला १९, ५५ ते ६० ला १६ आणि ४५ ते ५५ ला १० गुण. पदव्युत्तरला ८० च्या वर २५, ६० ते ८० ला २३, त्याखाली २०. पीएचडीला २५, आणि एमफिल-पीएचडी मिळून २५ च्या वर जात नाही. नेट-सेटचे गुण प्रश्न ४ मध्ये दिले आहेत. पुरस्कारांना जास्तीत जास्त ३. शोधनिबंधाला प्रत्येकी २, पण एकूण ६ च. अध्यापनाच्या किंवा पोस्ट-डॉक्टरेट अनुभवाच्या वर्षाला २, एकूण १०.

उदाहरण घेऊ. एका उमेदवाराला बीएस्सीला ७२ टक्के, एमएस्सीला ६५ टक्के, सेट आणि पाच वर्षांचा ग्राह्य अनुभव आहे: १९ + २३ + ५ + १० = ५७. दुसऱ्याला बीएस्सीला ८२, एमएस्सीला ८१, पीएचडी, नेट आणि तीन शोधनिबंध आहेत, अनुभव शून्य: २१ + २५ + २५ + ८ + ६ = ८५.

हा फरक पाहून पहिला उमेदवार खचतो. खचू नका. हा तक्ता फक्त मुलाखतीला कोणाला बोलवायचं ते ठरवायला आहे. त्याच नियमांत निवड मुलाखतीतल्या कामगिरीवर करावी असं स्पष्ट म्हटलं आहे. आणि शोधनिबंधांची मर्यादा पाहा: चौथ्या निबंधापासून छाननीत एकही गुण वाढत नाही.

८. निवड समितीत कोण असतं?

संस्थेच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष किंवा त्यांचा प्रतिनिधी, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंचे दोन प्रतिनिधी (त्यातला एक विषयतज्ज्ञ) आणि महाविद्यालयाशी संबंध नसलेले दोन विषयतज्ज्ञ. मागासवर्गीय, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग गटातला उमेदवार असेल आणि समितीत त्या गटातलं कोणी नसेल, तर तसा एक सदस्य कुलगुरू नेमतात. अनुदानित पदासाठी उच्च शिक्षण विभागाचा प्रतिनिधीही बसतो. गणपूर्तीसाठी पाच जण हवेत आणि तीनपैकी किमान दोन विषयतज्ज्ञ हजर हवेत. इतिवृत्त, गुणपत्रक आणि शिफारस त्याच दिवशी पूर्ण करून सगळ्यांच्या सह्या व्हायच्या असतात. ‘निकाल नंतर कळवू’ म्हणून कोरा कागद पुढे आला तर तज्ज्ञाने त्यावर सही करू नये. मी एकदा केली नाही, आणि त्या संस्थेने मला पुन्हा बोलावलं नाही.

९. मुलाखतीत भौतिकशास्त्राचं काय विचारतात?

तुमच्या पीएचडीचं थोडं, पहिल्या वर्षाचं जास्त. निदान मी तरी तसं विचारतो. आपल्याकडे पातळ थरांवर आणि ऊर्जा साठवणाऱ्या पदार्थांवर संशोधन केलेले उमेदवार पुष्कळ येतात. क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखावर ते वीस मिनिटं बोलू शकतात. मग मी विचारतो, ‘न्यूटनच्या वलयांचा मधला ठिपका काळा का?’ तिथे भिंग आणि काचेची पट्टी यांच्यामधल्या हवेच्या थराची जाडी शून्य असते, मग दोन्ही किरण एकाच कलेत यायला हवेत ना? काचेवरून परावर्तन होताना अर्ध्या तरंगाचा फरक पडतो, हे आठवायला अनेकांना वेळ लागतो. मग पुढचा प्रश्न: भिंग आणि पट्टी यांच्यामध्ये पाणी घातलं तर वलयं लहान होतील की मोठी? लहान होतात, आणि व्यासांच्या वर्गांच्या गुणोत्तरातून पाण्याचा अपवर्तनांक निघतो. हे स्वतः करून पाहिलेला माणूस ओळखू येतो.

आणखी काही नेहमीचे: स्पेक्ट्रोमीटर समांतर किरणांसाठी शुस्टरच्या पद्धतीने कसा जुळवाल? दंड लोलकाने काढलेलं गुरुत्वत्वरण तुमच्या मते किती अंकांपर्यंत खरं आहे, आणि का? एलईडीवरून प्लँकचा स्थिरांक काढताना चूक कुठून येते? मुलाचं गुरुत्वत्वरणाचं उत्तर ९.८ ऐवजी १०.४ आलं आणि त्याने ते खोडून ९.८ लिहिलं, तर तुम्ही काय कराल?

या शेवटच्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. ‘शून्य गुण देईन’ म्हणणारे पुष्कळ भेटले. एका मुलीने उत्तर दिलं, ‘आधी १०.४ का आलं ते त्याच्याबरोबर बसून शोधीन सर. त्याला कदाचित माझी भीती वाटली असेल.’ आम्ही तिची शिफारस केली.

१०. डेमो तास द्यावा लागतो का? आमच्या कॉलेजने तो कसा घ्यावा?

नियमांत व्याख्यान किंवा सेमिनार घेऊन अध्यापनक्षमता पाहायची मुभा आहे, सक्ती नाही. माझ्या मते छोट्या महाविद्यालयाने तो घेतलाच पाहिजे. मोठ्या विद्यापीठात एखाद्याला शिकवणं जमत नसेल तर तो प्रयोगशाळेत रमतो आणि दुसरा कोणी वर्ग घेतो. तुमच्याकडे विभागात दोन-तीन माणसं. हा माणूस पुढची पंचवीस-तीस वर्षं प्रथम वर्षापासून तृतीय वर्षापर्यंत यांत्रिकी, प्रकाशिकी, इलेक्ट्रॉनिक्स, क्वांटम सगळं शिकवणार. त्याला जमलं नाही तर दुसरा कोणी नाही.

डेमो समितीसमोर घेऊ नका, खऱ्या मुलांसमोर घ्या. उमेदवाराला विषय आदल्या दिवशी द्या, वीस मिनिटं द्या, आणि शेवटच्या बाकावरच्या दोन मुलांना मागाहून विचारा की काय कळलं. मुलं मराठी माध्यमातून आलेली असतील तर उमेदवार इंग्रजी संज्ञा वापरून मराठीत समजावतो का ते बघा. ‘टॉर्क’ हा शब्द फळ्यावर लिहून दाराच्या कडीचं उदाहरण देणारा मला हवा असतो.

वेळ असेल तर अर्धा तास प्रयोगशाळेतही न्या. एक जुना स्पेक्ट्रोमीटर किंवा ऑसिलोस्कोप समोर ठेवा आणि तो चालू करायला सांगा.

११. मी पाच वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवतोय. हा अनुभव धरतात का?

इथे मला स्पष्ट बोलावं लागतं. तात्पुरत्या सेवेचा अनुभव मोजताना नियमांची एक अट अशी आहे की एकूण मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या वेतनापेक्षा कमी नसावं. तासिकेच्या मानधनात ती पूर्ण होत नाही. छाननीच्या गुणांसाठी काही ठिकाणी हा अनुभव धरतात, काही ठिकाणी नाही. म्हणून जाहिरातीच्या अटी वाचा आणि दरवर्षीची विद्यापीठ मान्यतेची पत्रं जपून ठेवा. मान्यतेचं पत्र नसलेलं वर्ष कोणीच धरत नाही.

भौतिकशास्त्रवाल्यांचं यात दुहेरी नुकसान होतं. तासिकेचा दर प्रात्यक्षिकाला व्याख्यानापेक्षा कमी आहे आणि आपला बराचसा आठवडा प्रात्यक्षिकांत जातो. उपकरण मांडणं, मुलं गेल्यावर आवरणं, जर्नल तपासणं यांचे पैसे कोणी देत नाही. मी स्वतः सुरुवातीची वर्षं तासांवर काढली आहेत. मे महिन्यात किराणा उधारीवर आणावा लागायचा. हे लिहिताना कोणाची सहानुभूती नको आहे, पण ज्यांच्या हातात दर ठरवणं आहे त्यांनी हे वाचावं.

१२. पीएचडीची वर्षं अनुभवात मोजता येतात का?

पीएचडीसाठी घेतलेला काळ अध्यापनाचा अनुभव म्हणून दाखवता येत नाही. नोकरीत राहून, रजा न घेता, शिकवत शिकवत पीएचडी केली असेल तर ती सेवा मोजतात.

१३. माझी एमएस्सी इलेक्ट्रॉनिक्सची आहे. भौतिकशास्त्राच्या पदाला चालेल?

नियमांत ‘संबंधित किंवा संलग्न विषय’ असा शब्दप्रयोग आहे आणि संलग्न काय, ते विद्यापीठ ठरवतं. उपयोजित भौतिकशास्त्राला सहसा अडचण येत नाही. इलेक्ट्रॉनिक्स किंवा नॅनोविज्ञानाच्या बाबतीत विद्यापीठाचं समकक्षतेचं पत्र हाती असल्याशिवाय धरून चालू नका. इलेक्ट्रॉनिक विज्ञानातली नेट-सेट आणि भौतिकशास्त्राचं पद, ही जोडी छाननीत जास्तीत जास्त वाद ओढवते.

१४. मी आयसरमधून (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतून) पाच वर्षांची बीएस-एमएस केली. माझे पदवीचे गुण कुठले लिहू?

संस्थेकडून दोन पत्रं घ्या: पदवी पदव्युत्तर समकक्ष असल्याचं, आणि ग्रेड गुणांचं टक्केवारीत रूपांतर कसं करायचं याचं. पहिल्या तीन-चार वर्षांचे वेगळे गुण संस्था देत असेल तर तेही घ्या. अर्जात स्वतःच्या मनाने रूपांतर करू नका. पुण्याच्या आयसरमधून बाहेर पडलेल्या मुलांनी तालुक्याच्या कॉलेजात अर्ज करावा असं मला मनापासून वाटतं, आणि केवळ एका रकान्यामुळे त्यांचा अर्ज मागे पडू नये.

१५. पीएचडी परदेशातली आहे. नेट द्यावी लागेल?

ती संस्था क्यूएस, टाइम्स हायर एज्युकेशन किंवा शांघाय या तीनपैकी एखाद्या जागतिक क्रमवारीत कधीही पहिल्या ५०० मध्ये असेल, तर त्या पीएचडीवर सहायक प्राध्यापकाची पात्रता मिळते. ज्या वर्षाची क्रमवारी दाखवता, त्याची छापील प्रत अर्जाला जोडा.

१६. गोव्यातल्या महाविद्यालयात अर्ज करता येईल का?

महाराष्ट्र-गोव्याची सेट तिथे चालते. पण जाहिरातीत सहसा गोव्यातलं १५ वर्षांचं वास्तव्य आणि कोंकणीचं ज्ञान मागतात, त्यामुळे बाहेरच्यांची अडचण बहुतेक वेळा तिथेच होते.

१७. ‘एवढी रक्कम द्या, मग बघू’ असा निरोप आला तर?

देऊ नका. हा प्रश्न सगळ्यात हळू आवाजात विचारला जातो आणि सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. शासनाचं अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी आणि कर्मचारी १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यानुसार लोकसेवक ठरतात, त्यामुळे ही मागणी लाचेची मागणी आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. तक्रार पैसे देण्याआधी करायची असते.

शेत विकून पैसे भरलेल्या एका शिक्षकाबरोबर मी काम केलं आहे. हुशार माणूस. पण कर्ज फिटेपर्यंत त्याचा जीव खाजगी शिकवण्यांत अडकला, आणि प्रयोगशाळेत तो संध्याकाळी कधी थांबला नाही. पैसे घेणाऱ्याने त्याचं तर घेतलंच, पण त्या दहा वर्षांत शिकलेल्या मुलांचंही घेतलं.

१८. छोट्या कॉलेजात संशोधन बंद पडतं का?

महागडी उपकरणं मिळणार नाहीत हे खरं. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापनाचा भार आहे, त्यात परीक्षा, समित्या आणि २०२४-२५ पासून सर्वत्र आलेल्या नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमांचं काम. तरीही जवळच्या विद्यापीठातल्या गटाशी जोडून घेता येतं. संगणकीय भौतिकी, खगोलशास्त्रातली खुली निरीक्षणं, कमी खर्चाची प्रयोगसाधनं हे विषय गावातून करता येतात. मुलाखतीत ‘तुमच्याकडे कुठली यंत्रं आहेत?’ असं विचारण्याऐवजी आहे त्यात काय करणार ते सांगा.

१९. निवड झाल्यावर पगार, परिविक्षा (प्रोबेशन), निवृत्तिवेतन कसं?

सातव्या वेतन आयोगानुसार शैक्षणिक स्तर १०, सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, त्यावर भत्ते. मान्यता आणि वेतननिश्चिती होईपर्यंत पहिला पगार काही महिने लांबू शकतो, तेवढी तजवीज ठेवा. आयोगाच्या नियमांत परिविक्षा एक वर्षाची, फार तर आणखी एक वर्ष वाढवता येणारी आहे. तुमच्या नियुक्तिपत्रात काय लिहिलं आहे ते मात्र वाचून घ्या. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनं निवृत्तिवेतन आपोआप मिळत नाही.

२०. नवे नियम येणार म्हणतात. थांबावं का?

आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये नव्या नियमांचा मसुदा काढला. मसुदा म्हणजे नियम नव्हे. जाहिरातीत ज्या नियमांचा उल्लेख असेल त्यांनुसार अर्ज करा.

२१. मुलाखतीला आलेल्यांपैकी कोणीच योग्य वाटलं नाही तर? जागा जाईल अशी भीती वाटते.

समिती ‘कोणीही योग्य नाही’ असं लिहू शकते आणि फेरजाहिरात काढता येते. भीती खरी आहे, कारण परवानगीची मुदत संपली तर प्रश्न ५ मधलं चक्र पुन्हा सुरू होतं. पण एक वर्ष तासिकेवर निभावून नेणं परवडतं. विषयाची आवड नसलेला माणूस निवृत्त होईपर्यंत परवडत नाही. शंका असेल तर डेमो दिलेल्या मुलांना पुन्हा विचारा.

२२. मी रुजू होतोय आणि जुने सर महिन्याभरात निवृत्त होतायत. त्यांच्याकडून काय समजून घेऊ?

त्यांचे शेवटचे चार शनिवार मागून घ्या. डेडस्टॉक रजिस्टर (साहित्याची नोंदवही) घेऊन एकेक कपाट उघडा. रजिस्टरात जे आहे ते कपाटात आहे का, आणि कपाटातलं चालू आहे का, या दोन वेगळ्या नोंदी करा. विवर्तन जाळीवर (ग्रेटिंगवर) प्रतिइंच १५,००० रेषा लिहिलेलं असतं, पण कुठली जाळी ओरखडलेली आहे ते फक्त सरांना माहीत असतं. कुठल्या सोडियम दिव्याचा ट्रान्सफॉर्मर तापतो, कुठल्या स्पेक्ट्रोमीटरचा व्हर्निअर अर्धा अंश पुढे आहे, पावसाळ्यात कुठल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा चिकटतो, दुरुस्तीला कोणता माणूस येतो आणि त्याचा फोन नंबर काय, हे सगळं एका वहीत लिहून घ्या. प्रयोगशाळा परिचरांनाही बरोबर बसवा. पुष्कळदा सरांना आठवत नाही ते त्यांना आठवतं.